इन्सोल नवा, दुखणंही नवं : पोस्टिंगचा कोन चुकला की काय तपासायचं

मापाचा इन्सोल करून दिला, पेशंट समाधानाने घरी गेला आणि तीन आठवड्यांनी तोच इन्सोल पिशवीत घालून परत आला. अशा परत आलेल्या जोड्या मी गेली पंधराएक वर्षं दुरुस्त करतोय. काही माझ्याच हातच्या, काही दुसरीकडच्या. पोस्टिंग म्हणजे पाऊल आत किंवा बाहेर कलू नये म्हणून इन्सोलखाली दिलेली तिरकी पाचर; त्या पाचरीलाच पोस्ट म्हणतात, आणि 'आतून' म्हणजे अंगठ्याकडची बाजू उंच. तक्रारी ठरलेल्या असतात:

– कमानीत खडा रुतल्यासारखं टोचतं. मोजा काढला की आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा लाल डाग दिसतो.
– घोटा बाहेरून दुखतो. उतारावर किंवा जिना उतरताना पाय बाहेर पडेल अशी भीती वाटते.
– करंगळीच्या मागे, तळव्याच्या बाहेरच्या कडेला ठणकतं.
– पाऊल टाकून पुढे जाताना अंगठ्याचा सांधा अडतो.
– टाच बुटातून वर येते.
– गुडघा आधी आतून दुखायचा, आता बाहेरून दुखतो.
– किंवा नुसतंच, "काही फरक नाही हो."

यातली कोणतीही तक्रार आली की पुढच्या क्रमाने जा. पहिल्या तीन तपासण्यांना पैसे लागत नाहीत आणि त्या पेशंटने घरीच कराव्यात. त्यापुढच्या ऑर्थोटिस्ट (इन्सोल आणि आधाराची साधनं बनवणारे) आणि फिजिओथेरपिस्ट मंडळींसाठी आहेत. एक अट मात्र आधीच: पेशंटला मधुमेह असेल आणि तळव्याची संवेदना कमी झाली असेल, तर यातलं काहीही न करता थेट शेवटच्या भागाकडे जा.

१. दिवसातून किती तास घातला?

हा प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण "फरक नाही" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं उत्तर इथेच सापडतं. आपल्याकडे बूट उंबऱ्याबाहेर निघतात. सकाळी दोन तास ओट्यापुढे शहाबादी फरशीवर अनवाणी, मग ऑफिसला बूट, संध्याकाळी पुन्हा अनवाणी. पावसाळ्यात तर चार महिने बूट कपाटात आणि पायात सँडल. इन्सोल दिवसातले तीन तास पायाखाली असेल, तर त्याच्या कोनाला दोष देता येत नाही. अशा पेशंटला घरात वापरायच्या चपलेवर तोच आकार बसवून द्या, मग बोला.

उलट टोकही पाहा. पहिल्याच दिवशी दहा तास घातला की कोणताही इन्सोल दुखतो. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज एक-एक तास वाढवत न्यायचा. दोन आठवड्यांत पाय सरावतो. तीन आठवड्यांनंतरही एकाच ठिकाणी टोचत असेल तर तो सरावाचा प्रश्न उरत नाही.

२. बुटात तो कशावर बसलाय?

बुटासोबत आलेला मूळ इन्सोल काढलाय का ते पाहा. त्याच्यावरच नवा ठेवला तर टाच पाच-सहा मिलिमीटर वर येते, बुटाच्या मागच्या पाठीची पकड सुटते आणि चालताना टाच निसटते. लोकांना वाटतं कोन चुकला, पण चूक निव्वळ उंचीची असते. डावा-उजवा बदललाय का तेही बघून घ्या. लहान मुलांच्या आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत हे नेहमी होतं.

३. बूट सरळ उभा राहतो का?

रिकामे बूट टेबलावर ठेवा आणि मागून डोळ्यांच्या पातळीत पाहा. टाचेच्या मागच्या बाहेरच्या कोपऱ्यावर थोडी झीज सगळ्यांचीच असते, ती सोडून द्या. पण सोल आतल्या बाजूने दबलेला असेल, मागची पाठ आत वाकलेली असेल, तर इन्सोलचा कोन बुटातच जिरतो. चार अंशांची पाचर चार अंश आत कललेल्या बुटात ठेवली की पायाखाली शून्य उरतं. बाहेरून झिजलेल्या बुटात तीच पाचर सहा-सात अंशांची होते, आणि मग घोटा बाहेरून दुखायला लागतो. अंगठा आणि तर्जनीने पाठ दाबून पाहा. ती सहज मिटत असेल तर बूट बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

पेशंटसाठी घरचं काम इथे संपतं. इन्सोल स्वतः घासू नका, खाली कागदाच्या घड्या घालू नका. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑर्थोटिस्टकडे जा आणि जाताना इन्सोलबरोबर तो बूटही न्या.

४. फॉर्मवर लिहिलेला कोन इन्सोलमध्ये आहे का?

फॉर्म म्हणजे इन्सोल बनवायला लॅबला दिलेली लेखी मापं. ग्राइंडरवर दोन मिलिमीटर इकडचे तिकडे व्हायला अर्धा मिनिट पुरतं. म्हणून पायाला हात लावण्याआधी इन्सोल मोजा. टाचेखालच्या पोस्टची रुंदी घ्या, आतल्या आणि बाहेरच्या कडेची जाडी व्हर्नियरने घ्या. एक सोपा हिशोब पाठ करून ठेवा: रुंदी ५७ मिलिमीटर असेल तर १ अंश म्हणजे बरोबर १ मिलिमीटर. साधारण मोठ्या माणसाच्या टाचेची पोस्ट याच्याच आसपास असते, त्यामुळे ४ अंशांसाठी दोन कडांत ४ मिलिमीटरचा फरक दिसायला हवा.

चवड्याखाली हा हिशोब बदलतो. तिथे रुंदी ८५ मिलिमीटरच्या घरात असते, म्हणजे तेच ४ अंश जवळजवळ ६ मिलिमीटर होतात. अंगठ्यामागचं हाड ६ मिलिमीटर उचलून धरल्यावर अंगठा वाकणार कसा? अंगठा अडतोय अशी तक्रार असली की मी आधी इथे बघतो.

इन्सोल काचेवर ठेवून हलवून पाहा. काही पोस्ट ४ अंश कोन आणि ४ अंश हालचाल अशा मुद्दाम घासलेल्या असतात. ती हालचाल बाहेरच्या बाजूला असायला हवी. आतली बाजू घासली गेली असेल तर कोन तिथेच गेला. पोस्ट मऊ ईव्हीएची (फोमसारख्या रबरी शीटची) असेल तर बोटाने दाबून पाहा. शोअर हे कडकपणाचं माप; आकडा मोठा तितका माल कडक. ८० किलोच्या माणसाखाली शोअर ३५ चा ईव्हीए काही महिन्यांत बसतो. तेव्हा इन्सोल "आधी छान होता, आता नाही" असं ऐकू येतं. पोस्टला शोअर ५० च्या पुढचाच माल लावावा.

इन्सोल आणि फॉर्म जुळत नसेल तर आधी जुळवून घ्या. जुळत असेल, तर मात्र फॉर्मवरच्या आकड्यावरच शंका घ्यायची वेळ आली.

५. तो आकडा आला कुठून?

इथे थोडं थांबून बोलतो, कारण परत येणाऱ्या बहुतेक जोड्यांचं मूळ इथे असतं. टाचेच्या मागे पेनने रेघ मारली, गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) लावला, ६ अंश आले आणि फॉर्मवर "६ अंश, आतून" असं लिहिलं. जेवढा दोष तेवढा कोन. दिसायला हिशोब चोख आहे, पण पाय असा वागत नाही.

एक तर ती रेघच भरवशाची नाही. आज मारलेली रेघ पुसा, तासाभराने पुन्हा मारा आणि मोजा. नंतर सहकाऱ्याला मोजायला सांगा. दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. ज्या मापात एवढी चूक आहे त्याच्यावर ४ की ६ हे ठरवणं बरोबर नाही.

दुसरं, ६ अंशांची पाचर टाचेला ६ अंश फिरवत नाही. मध्ये मोजा आहे, टाचेची चरबीची गादी आहे, बुटातली मोकळीक आहे. हाड फिरतं ते थोडंसंच. पाचर मुख्यतः ढकलते. कुठे आणि किती जोराने ढकलायचं हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतले पायांचे तज्ज्ञ मर्टन रूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात घोट्याखालच्या सांध्याची न्यूट्रल (ना आत, ना बाहेर कललेली) अवस्था धरून पाय मोजण्याची शिस्त घालून दिली. पायाचा साचा घेताना ती मला आजही लागते. पण त्या मापातला आकडा उचलून पाचरीवर ठेवायचा, हे आता मी कोणालाच शिकवत नाही. ज्या कोनाला दुखणं उतरतं, त्यातला सगळ्यात लहान कोन लिहायचा, आणि तो पायाखालीच शोधायचा.

शोधायच्या आधी पायाच्या तीन गोष्टी बघून घ्या. मिळून पाच मिनिटं लागतात.

पहिली, पाय उचलायला किती जोर लागतो. पेशंट दोन्ही पायांवर सैल उभा. आपली दोन बोटं कमानीच्या सर्वांत उंच जागी आतून घालायची आणि सरळ वर उचलायचं. त्याने मदत करायची नाही. काही पाय दोन बोटांवर अलगद येतात, काही दगडासारखे हलत नाहीत. गंमत म्हणजे दिसायला दोन्ही सारखेच सपाट असू शकतात. पायांचेच तज्ज्ञ केव्हिन कर्बी यांनी याचं कारण नीट उलगडून दाखवलं: घोट्याखालच्या सांध्याचा अक्ष जितका आत सरकलेला, तितका आतून ढकलणाऱ्या बलाचा हात आखूड आणि काम अवघड. हलक्या पायाला २ अंश पुष्कळ होतात, ६ दिले तर तो बाहेर लोळतो. जड पायाला ४ अंश जाणवतसुद्धा नाहीत.

दुसरी, अंगठ्याचा रहाट. उभ्या पेशंटचा अंगठा वर उचला. तळव्याचा पट्टा विहिरीच्या रहाटावरच्या दोरासारखा ताणला जातो आणि कमान वर येते. हिक्स यांनी १९५४ मध्ये हीच यंत्रणा मांडली. अंगठा उचलतच नसेल तर टाचेखाली २ मिलिमीटरची पाचर ठेवून पुन्हा उचला. सहज उचलला तर पाचर कामाची आहे. आणखी जड झाला तर आपण चुकीच्या दिशेने चाललोय.

तिसरी, पोटरी. गुडघा सरळ ठेवून घोटा वर वाकवा, मग गुडघा वाकवून तेच करा. सरळ गुडघ्याला घोटा ९० अंशांच्या पुढे जेमतेम येत असेल, तर चालताना हालचालीची ती कसर पाय मधूनच मोडून भरून काढतो. आपण त्याच्या खाली उंच कमान ठेवली की तो तिच्यावरच आदळतो, आणि नाण्याएवढा लाल डाग उमटतो. अशा पायाला कोन वाढवून काही साधत नाही. टाच ४ ते ६ मिलिमीटर उंच करा, पोटरी ताणायचे व्यायाम सुरू करा, मग पाहा.

पायाची ठेवण सहा खुणांवरून −१२ ते +१२ अशी गुणांत मोजायची पद्धत रेडमंड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दिली, ती नोंदीसाठी छान आहे. पुढच्या भेटीत तुलना करता येते. कोन मात्र त्या गुणांवरून ठरवू नका.

६. तात्पुरती पाचर

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी, आणि हिचा खर्च म्हणजे ईव्हीएचा एक तुकडा. २ मिलिमीटरची शीट टाचेच्या आकाराची कापायची, बाहेरच्या कडेकडे रापीने शून्यावर उतरवायची. अशी एक पट्टी म्हणजे साधारण २ अंश. अशा तीन करून ठेवा. सोल्युशन लावू नका. मास्किंग टेपने इन्सोलखाली चिकटवा, म्हणजे लगेच काढता येते.

आधी पेशंटला त्याची दुखरी गोष्ट करायला लावा. नुसतं चालून दुखत नसेल तर जिना, उकिडवं बसणं, एका पायावर उभं राहणं, जे काही दुखवतं ते. दुखणं ० ते १० मध्ये किती ते विचारा. मग एक पट्टी, दहा मिनिटं चालणं, पुन्हा तेच. मग दुसरी. पहिल्या पट्टीला दुखणं ७ वरून ३ वर आलं आणि दुसरीलाही ३ वरच राहिलं, तर लिहायचे २ अंश. दुसरी लावल्यावर दुखणं उतरलं पण घोट्याच्या बाहेर ओढ जाणवली, तर मागे या.

गेल्या वर्षी एस.टी.त वाहक असलेल्या एक ताई आल्या होत्या. टाचदुखीसाठी दुसरीकडे केलेला इन्सोल, टाचेला ६ अंश, चवड्याला ४. टाच जरा बरी होती, पण उजवा घोटा बाहेरून सुजायचा. आमच्या जिन्यावरून त्या कठडा धरून, अंग आडवं करून उतरल्या. दोन बोटांवर त्यांचा पाय अगदी हलका आला. पोटरी घट्ट होती. मी चवड्याची पोस्ट पूर्ण उतरवली, टाच २ अंशांवर आणली आणि खाली ४ मिलिमीटरचा सपाट तुकडा लावला. पंधरा मिनिटं त्या मधल्या पॅसेजमध्ये चालल्या. मग मी न सांगता जिन्याकडे गेल्या आणि कठड्याला हात न लावता, समोर तोंड करून खाली उतरल्या. खालून म्हणाल्या, "भाऊ, हाच राहू द्या." सहाचे दोन केले, एवढंच.

जड पायाची गोष्ट उलटी असते. तिथे तीन पट्ट्या लावूनही फरक पडत नाही आणि मोह होतो कमान उंच करायचा. तो टाळा. कमानीखालची कातडी पातळ, आतलं हाड वर, तिथे जोर सोसत नाही. टाचेखालची गादी जाड असते, जोर तिथे द्या. कर्बी यांनी १९९२ मध्ये मांडलेली पद्धत हीच: साच्याच्या टाचेचा आतला भाग तिरका घासायचा, २ ते ६ मिलिमीटर, म्हणजे तयार शेलच्या (साच्यावर बनणाऱ्या इन्सोलच्या कडक कवचाच्या) कपात आतून उतार येतो. मी ३ ने सुरुवात करतो. यापेक्षा जास्त लागलं तर रिचर्ड ब्लेक यांची उलटवलेल्या साच्याची पद्धत आहे. तिथे साचा २५ अंश उलटवला तर पायावर परिणाम साधारण ५ अंशांचा धरतात. पाच पट! फॉर्मवर नुसतं "२५" लिहून पाठवलं आणि लॅबला पद्धत सांगितली नाही तर काय होईल याचा विचार करा. पद्धतीचं नाव कोनाच्या शेजारीच लिहा.

७. चवडा कडक की मऊ?

टाच सरळ धरल्यावर चवडा आतून उचललेला दिसतो. तो हाडाचाच आहे, की वर्षानुवर्षं घोटा आत पडून मऊ भाग तसे आखडलेत? अंगठ्यामागच्या हाडावर वरून हळू दाब द्या. खाली गेला तर तो मऊ आहे. त्याच्याखाली पाचर भरली की तो आहे तसाच कायमचा राहतो आणि अंगठा अडतो. चवड्याला मी कोन देतो तो फक्त कडक असेल तरच, आणि तोही मोजलेल्याच्या निम्म्याहून कमी.

उंच कमानीच्या पायाला एक इंची फळी लागते. टाच आणि पायाची बाहेरची कड फळीवर, अंगठ्याकडची बाजू खाली लोंबती. आत वळलेली टाच सरळ झाली तर दोष पुढे आहे; अंगठ्यामागच्या हाडाला खाली जायला जागा कापून द्या, बाहेरून उंच पाचर द्या. अशा पायाला आतून उंच इन्सोल देणं म्हणजे घोटा मुरगळायला निमंत्रण, आणि तशा जोड्या मी पाहिल्यात.

आतून झिजलेल्या गुडघ्यासाठी बाहेरून ५ अंशांची पाचर देतात, तिचा हेतू वेगळा. पेशंटचा घोटा आधीच आत पडत असेल तर ती देऊ नका.

८. शेल किंवा साचाच बदलणं

इतकं करूनही जमलं नाही तर साचा पुन्हा घ्या. हे शेवटी ठेवलंय कारण यात पेशंटचे पैसे आणि आठवडे जातात. जुना साचा असेल तर बघा: फोमच्या पेटीत पाय दाबताना अंगठ्याकडचा भाग वर राहिला होता का? तसं असेल तर चूक साच्यात आहे आणि कोणताही कोन ती भरून काढणार नाही.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे पाठवा

मधुमेह किंवा कुष्ठरोगामुळे संवेदना गेलेला पाय. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का ते पाहायचा नायलॉनचा धागा) लावा. तळव्यावर एक जरी जागा अशी निघाली जिथे तो जाणवत नाही, तर कडक शेल नाही, कोनाची पाचर नाही. आपल्याला जो लाल डाग तक्रारीतून कळतो, तो या माणसाला कळतच नाही, आणि डागाची जखम होते. एमसीआरसारखं (बारीक छिद्रांच्या मऊ रबराचं) मऊ पादत्राण आणि मधुमेही पायाचे डॉक्टर.

एक पाय गरम, लाल, सुजलेला आणि त्या मानाने दुखणं कमी: त्याच दिवशी पाठवा, तोवर त्यावर भार नको. दुसऱ्या पायापेक्षा २ अंश सेल्सिअसने गरम असला तरी हाडं आतून ढासळत असू शकतात.

एका पायावर उभं राहून टाच उचलता येत नाही आणि मागून पाहिल्यावर त्या पायाची बोटं जास्त दिसतात: कमान उचलून धरणारी आतली शीर (टेंडन) निकामी होत चालली आहे. तिला इन्सोल पुरत नाही.

एकाच पायाची कमान महिनोन्‌महिने उंच होत जाणं, पाय लुळा पडणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं, हाडावर एका बिंदूत दाबल्यावर जीव जाणं: आधी तपासणी, मग इन्सोल.

आणि मुलं. लहान मुलाचा मऊ, न दुखणारा सपाट पाय तसाच राहू द्या. कमान पहिल्या दहा वर्षांत घडत असते, त्याला कोनाची गरज नाही. आईवडिलांना हे शांतपणे समजावून सांगा, ती काळजी खरी असते. पण मुलाला चवड्यावर उभं करा. कमान दिसली तर ठीक. एका बारा वर्षांच्या मुलाला मी असं उभं केलं, तर त्याची डावी टाच वळलीच नाही आणि कमान आलीच नाही. त्याच्याकडे त्याआधीच्या दोन इन्सोलच्या जोड्या होत्या, दुसरी पहिलीपेक्षा जास्त कोनाची. मी तिसरी केली नाही, चिठ्ठी दिली. सीटी स्कॅनमध्ये टाचेच्या दोन हाडांमध्ये जन्मजात जोड निघाला. अशा मुलाला अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवताना चिठ्ठीत "कडक सपाट पाय, चवड्यावर कमान येत नाही" एवढं स्पष्ट लिहा. मोठ्या शहराजवळ असाल तर मुंबईत हाजी अलीला असलेल्या केंद्र सरकारच्या पुनर्वास संस्थेसारख्या ठिकाणी डॉक्टर आणि ऑर्थोटिस्ट एकाच छताखाली भेटतात. तारीख मिळेपर्यंत पाचर काढून घ्या आणि सपाट, मऊ इन्सोल देऊन घरी पाठवा.